दोघंच बोटीवर: कॅरिबियन बेटांमध्ये संसार मांडण्याआधी

शिडाच्या बोटीवरच घर करायचं, बेटामागून बेट पाहत जायचं आणि सोबतीला फक्त नवरा किंवा बायको. हा बेत मनात घोळवणाऱ्या वाचकांचे प्रश्न जवळपास ठरलेले असतात. बोट किती फुटी घ्यावी? एका सांगाड्याची की जोडसांगाड्याची कॅटामरान? वादळं आली तर? भारतीय पासपोर्ट चालतो का? प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची सुटी सुटी उत्तरं गोळा करत बसलात तर गोंधळ वाढतच जातो, कारण तीच चाळीस फुटी बोट एका जोडप्याला अपुरी वाटते आणि दुसऱ्याला पेलवत नाही. म्हणून आधी एकच प्रश्न एकमेकांना विचारा. आपल्यापैकी एक जण आजारी पडला, त्याचा हात मोडला किंवा तो पाण्यात पडला, तर उरलेला एकटा माणूस ही बोट सुखरूप आडोशाला नेऊ शकेल का? दोघांच्याही बाबतीत उत्तर ‘हो’ येईपर्यंत बोट विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बोटीचा आकार, मार्ग, हंगाम, कागदपत्रं, विमा हे सगळं याच कसोटीवर घासून पाहता येतं.

बोलायला एक ठराविक प्रदेश हवा, म्हणून इथे पूर्व कॅरिबियनमधली ग्रेनाडा ते अँटिग्वा ही रांग घेतली आहे. सरळ रेषेत सुमारे ३०० सागरी मैलांच्या पट्ट्यात ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडीन्स, सेंट लुसिया, मार्टिनिक, डॉमिनिका, ग्वादलूप आणि अँटिग्वा येतात. बहुतेक टप्पे एका दिवसात संपतात. हवा स्वच्छ असेल तर मागचं बेट दिसेनासं होण्याआधीच पुढचं दिसू लागतं. आपल्याकडे लक्षद्वीप आहे, पण तिथे भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो, आणि पावसाळ्यात त्या समुद्रात छोट्या बोटीने जायची सोय नाही. बोटीवर कायम राहणाऱ्यांना दुरुस्तीची, पाण्याची, डिझेलची आणि नांगर टाकण्याच्या जागांची जी साखळी लागते, ती कॅरिबियनमध्ये आधीपासून तयार आहे.

एकाने शिकायचं की दोघांनी?

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. जोडपं शिकायला जातं, त्यातला एक जण (बहुधा पुरुष) बोट चालवण्याचा अभ्यासक्रम घेतो आणि दुसरी व्यक्ती मदतनिसाचा. ब्रिटनच्या आरवायए या नौकानयन संस्थेच्या पद्धतीत ‘डे स्किपर’ आणि ‘कॉम्पिटंट क्रू’ हे प्रत्यक्ष पाण्यावरचे दोन्ही अभ्यासक्रम पाच-पाच दिवसांचे असतात, त्यामुळे ही वाटणी सोयीची वाटते. पुढची अनेक वर्षं मग तीच वाटणी कायम राहते. एक जण सुकाणू, नकाशा आणि इंजिन सांभाळतो, तर दुसरी व्यक्ती दोर फेकते आणि स्वयंपाक पाहते. सगळं सुरळीत असताना यात काही अडत नाही. अडतं ते सुकाणू धरणारा माणूसच नाहीसा झाला की.

कल्पना करा, दोन बेटांमधल्या खुल्या पाण्यात बोट सहा नॉटने चालली आहे आणि तुमचा जोडीदार पाण्यात पडला. सहा नॉट म्हणजे एका मिनिटात सुमारे १८५ मीटर. लाट दोन मीटरची असेल तर माणसाचं डोकं दर लाटेआड दिसेनासं होतं. मोठ्या बोटीवर एक जण फक्त त्या दिशेला बोट दाखवत उभा राहतो, दुसरा सुकाणूवर जातो, तिसरा शिडाचे दोर सांभाळतो. इथे ही सगळी कामं उरलेल्या एकालाच करायची आहेत, म्हणून त्याच्यासाठी क्रम वेगळा. आधी तरंगणारं काहीतरी फेकायचं, जीपीएसवरचं ‘माणूस पाण्यात’ हे बटण दाबायचं आणि बोट वाऱ्यावर घेऊन जागच्या जागी थांबवायची. पाण्यात दोर लोंबत नाहीत याची खात्री केल्यावरच इंजिन सुरू करायचं. माणसाजवळ पोचणं हे निम्मंच काम झालं. ७५ किलोचा, भिजलेल्या कपड्यांतला, दमलेला माणूस पाण्यातून मीटरभर उंच कठड्यावरून आत घेणं नुसत्या हातांना जमत नाही. त्यासाठी शीड वर चढवायचा दोर त्याच्या जीवरक्षक जाकिटाच्या पट्ट्यात अडकवून विंचने ओढावा लागतो. शांत खाडीत नांगरावर असताना हे एकदा खरोखर करून पाहा. एकाने पाण्यात उतरायचं, दुसऱ्याने कुणाची मदत न घेता त्याला वर काढायचं, मग अदलाबदल. दोर विंचपर्यंत नीट जात नाही, हँडल फिरवताना खांदा कठड्याला लागतो, अशा अडचणी तेव्हाच कळतात आणि तेव्हाच दुरुस्त होतात. चालत्या बोटीवर मात्र पडण्याची वेळच येऊ नये म्हणून रात्री आणि उसळत्या पाण्यात दोघांनीही पट्ट्याने स्वतःला बोटीला बांधून घ्यावं. यात सूट नको.

यावर हमखास आक्षेप येतो, की जहाजावर तांडेल एकच असतो, दोघं हुकूम सोडायला लागले तर बोट बुडेल. आक्षेपातला पहिला भाग खरा आहे. एका वेळी निर्णय एकानेच घ्यावा आणि आज तो कुणाचा, हे नांगर उचलण्याआधी ठरलेलं असावं. पण निर्णयाचा अधिकार एकाकडे असणं आणि कौशल्य एकाकडेच असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोघंही तांडेल होण्याच्या योग्यतेचे असतील तर ज्याची पाळी नाही तो निमूट ऐकतो, कारण चाललंय ते त्याला समजत असतं.

दोघांनाही एकट्याने यायलाच हव्यात अशा गोष्टी या:

- शिडं उभारणं, वारा वाढताच आखडणं आणि पूर्ण उतरवणं.
- इंजिन सुरू करणं, डिझेलचा फिल्टर बदलणं, समुद्राचं पाणी आत येण्याचे झडप-नळ कुठे आहेत ते अंधारातही सापडणं.
- नांगर टाकणं, तो धरला आहे याची खात्री करणं आणि उचलणं.
- व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनलवर मदत मागणं, संकटाचं लाल बटण आणि ४०६ मेगाहर्ट्झचा ईपीआयआरबी हा संकटसूचक वापरणं.
- जागेचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवणं आणि कागदी नकाशावर मांडणं.

शिकायला एकाच वेळी पण निरनिराळ्या बोटींवर जा. जोडीदारासमोर शिकताना माणूस पटकन मागे सरतो आणि ज्याला आधी जमतं त्याच्या हाती काम देऊन मोकळा होतो. अमेरिकेत असाल तर एएसए या तिथल्या संस्थेचे १०१, १०३ आणि १०४ हे अभ्यासक्रम क्रमाने घ्या. मुंबईत असाल तर रॉयल बॉम्बे यॉट क्लब किंवा कुलाब्याच्या सेलिंग क्लबमध्ये छोट्या बोटींवर हात बसवा. लहान बोटीवर वाऱ्याचा फरक अंगाला लगेच कळतो, मोठ्या बोटीवर तो उशिरा कळतो. एक गोष्ट मात्र जुन्या सवयीवर सोडू नका. भारतात, ब्रिटनमध्ये आणि युरोपात बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवतात, कॅरिबियनमध्ये उजव्या हाताला. फ्रेंच बेटांतही हीच पद्धत आहे. दमलेल्या अवस्थेत संध्याकाळी एखाद्या खाडीत शिरताना मेंदू जुन्याच सवयीकडे ओढ घेतो, म्हणून हे सुकाणूजवळ लिहूनच चिकटवा.

बोट केवढी, आणि त्यावर काय

कसोटी मान्य केली की उत्तर बरंच सोपं होतं. दोघांसाठी ३६ ते ४२ फूट. एका सांगाड्याची साधारण ३८ फुटी प्रवासी बोट ७-८ टनांची असते, ५० फुटी १३ ते १५ टनांची. लांबी तिसऱ्या हिश्शाने वाढते, पण वजन जवळपास दुप्पट होतं, आणि त्याबरोबर शिडाचा ओढा, नांगराचं वजन, धक्क्याला लावताना लागणारा जोर हे सगळं वाढतं. मोठी बोट लाटांत अधिक स्थिर असते हे खरं. पाहुण्यांसाठी खोली मिळते हेही खरं. पण ज्या बोटीचं मुख्य शीड तुमच्या जोडीदाराला पंचवीस नॉटच्या वाऱ्यात एकट्याने उतरवता येत नाही, ती तुमच्यासाठी मोठी आहे, तिची किंमत कितीही परवडत असो.

इथे कुणी भारतीय नौदलाच्या आयएनएसव्ही तारिणीचं उदाहरण देईल, आणि ते द्यायलाच हवं. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच ५६ फुटी तारिणीवरून ऑक्टोबर २०२४ मध्ये गोवा सोडलं आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मे २०२५ मध्ये त्या गोव्यात परतल्या. म्हणजे दोघांना ५६ फूटही झेपतात. पण त्या कशाच्या जोरावर गेल्या ते पाहा. नौदलाचं वर्षानुवर्षांचं प्रशिक्षण, कमांडर अभिलाष टॉमी यांचं मार्गदर्शन, आणि मोठ्या फेरीआधी गोवा-मॉरिशससारख्या सागरी वाटा दोघींनीच केलेल्या. दोघींपैकी एक मदतनीस आणि दुसरी तांडेल अशी तिथे वाटणी नव्हती. तो प्रवास मोठ्या बोटीची शिफारस म्हणून वाचू नका. दोघांनाही सगळं यायला हवं, याचा तो पुरावा आहे.

दुसरा आक्षेप यंत्रांचा. ऑटोपायलट आहे, एआयएसवर जहाजं दिसतात, नांगर विजेवर उचलला जातो, मग एवढी चिंता कशाला? ही यंत्रं घ्याच, विशेषतः ऑटोपायलट, कारण दोघांच्या बोटीवर तो तिसरा खलाशी असतो. पण ती सगळी विजेवर चालतात आणि वीज बॅटरीतून येते. मिठाच्या हवेत जोड गंजतात. म्हणून प्रत्येक यंत्राला हाताने करायचा पर्याय ठेवा आणि तो दोघांनी वापरून पाहिलेला असू द्या. विजेचा विंडलास बंद पडला तर साखळी हाताने उचलायचा दांडा कुठे आहे? ऑटोपायलट थांबला तर पाच तास सुकाणू धरायची तयारी आहे? नजर ठेवण्याची जबाबदारी तर कोणतंच यंत्र घेत नाही. समुद्रातल्या टकरी टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम डोळ्यांनी आणि कानांनी सतत लक्ष ठेवायला सांगतो, आणि त्यातून दोन माणसांच्या बोटीला सूट नाही. लाकडी मासेमारी होड्या एआयएसवर दिसत नाहीत, रात्री त्यांच्यावर दिवाही नसतो.

मार्ग आणि हंगाम

या बेटांवर वर्षभर पूर्वेकडून, ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात, बहुधा १५ ते २० नॉट. डिसेंबर-जानेवारीत ते आणखी जोर धरतात आणि दिवसचे दिवस उतरत नाहीत. पश्चिमेला नेणारा प्रवाहही सोबतीला असतो. ग्रेनाडाहून उत्तरेला निघाल्यावर सेंट लुसियापर्यंत रांग थोडी पूर्वेकडे झुकते, त्यामुळे वाऱ्याच्या तोंडावर जावं लागतं आणि अंग ठेचून निघतं. मार्टिनिकनंतर रांग पश्चिमेकडे वळते आणि तीच बोट सुखाने चालू लागते. म्हणून नवख्या जोडप्याने शक्य असेल तर उत्तरेकडून दक्षिणेकडे यावं किंवा उत्तरेला जायचं काम वसंतात करावं, तेव्हा वारा अधूनमधून आग्नेयेकडे सरकतो. डोंगराळ बेटांच्या आडोशाला वारा जवळजवळ पडतो आणि बेटाचं टोक ओलांडताच एकदम दहा नॉटने वाढून अंगावर येतो. टोक यायच्या आधीच, पाणी शांत असतानाच शीड आखडून घ्या. तोवर बोट रेंगाळेल, तरी चालेल.

दोन बेटांमधली खुली पाण्याची पट्टी साधारण २० ते ४० मैलांची असते. पाच नॉटने तीस मैलांना सहा तास लागतात. पहाटे उजाडता निघून दुपारी दोनच्या आत पोचायचं हा नियम करा, कारण प्रवाळाची डोकी पाण्यात दिसतात ती सूर्य उंच असताना आणि पाठीमागे असताना. ग्रेनाडा आणि कॅरियाकू यांच्या मध्ये ‘किक एम जेनी’ हा समुद्राखालचा जिवंत ज्वालामुखी आहे. त्याच्याभोवती बंदी क्षेत्र असतं आणि हालचाल वाढली की ते वाढवतात, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी त्याची स्थिती पाहूनच रेषा आखा.

वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. ग्रेनाडा १२ अंश अक्षांशाच्या आसपास असल्यामुळे वादळांच्या वाटेच्या खाली समजलं जाई आणि शेकडो बोटी पावसाळा तिथे काढत. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन वादळाने तो समज मोडला आणि १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळ चौथ्या श्रेणीचं होऊन कॅरियाकूवर आदळलं. टायरेल बे इथलं खारफुटीचं वन हा त्या भागातला मानलेला आसरा. तिथे बांधून ठेवलेल्या बोटीही एकमेकींवर चढल्या आणि मोडल्या. यावरून काही जण म्हणतात की मग कुठेच सुरक्षित नाही, नशिबावर सोडावं. मला हे पटत नाही. त्रिनिदादमधलं चागुआरामास साडेदहा अंशांच्या थोडं वर आहे आणि दुरुस्तीची गोदी तिथे भरपूर. हंगामाची सुरुवात होण्याआधी तिथवर उतरणं, बोट जमिनीवर काढून घट्ट बांधून ठेवणं आणि स्वतः विमानाने घरी येणं हा दोघांच्या बोटीसाठी सगळ्यात शहाणपणाचा मार्ग आहे. वादळ दोन दिवसांवर आल्यावर बोट हलवणं हे ताज्यातवान्या चार माणसांचं काम आहे. बोटीवर दोघंच असतील आणि त्यातला एक तापाने फणफणला असेल, तर ते होत नाही.

विम्याचा करार इथेच वाचून काढा. हंगामात बोट कोणत्या अक्षांशाच्या दक्षिणेला हवी, नावाचं वादळ झालं तर भरपाई किती कापली जाईल, जमिनीवर कशी बांधलेली असावी, आणि रात्रीच्या प्रवासाला किमान किती माणसं हवीत, या चार कलमांखाली रेघा मारा. दोघांचा अनुभव करारात नोंदवून घ्या. फक्त एकाच्या अनुभवावर दिलेला विमा तोच माणूस बोटीवर नसताना अडचणीत येतो.

नांगर: रोजचं काम

मुंबईत पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, इथे भरती-ओहोटीचा फरक अर्ध्या मीटरच्या आत. त्यामुळे हिशेब सोपा. पाण्याची खोली आणि पाण्यापासून बोटीच्या नाळेची उंची यांची बेरीज करा आणि त्याच्या पाचपट साखळी सोडा, वारा मोठा असेल तर सातपट. पाच मीटर पाणी आणि दीड मीटर उंची असेल तर साध्या वाऱ्यात साडेबत्तीस मीटर, जोराच्या वाऱ्यात साडेपंचेचाळीस. मग इंजिन उलटं फिरवून नांगर ओढून पाहा आणि चष्मा लावून पोहत जाऊन तो वाळूत गाडला गेला आहे ना ते डोळ्यांनी बघा. गवतावर तो घसरतो, प्रवाळावर टाकणं हा गुन्हाच समजा. सेंट लुसियात दोन पिटन डोंगरांच्या मधल्या पाण्यात नांगर टाकायला बंदी आहे, तिथले बोये घ्यावे लागतात. ग्रेनाडीन्समधलं टोबॅगो केज हे सागरी उद्यान आहे आणि तिथे शुल्क भरावं लागतं.

जोडप्यांची भांडणं याच अर्ध्या तासात होतात. नाळेवरच्या माणसाला इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही, मागचा ओरडतो, पुढचा वैतागतो. हाताच्या पाच-सहा खुणा ठरवून घ्या: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, थांब, साखळी किती मीटर गेली. आणि कामं आलटून पालटून करा. ज्याने दोन्ही टोकांना उभं राहून पाहिलंय तो कमी ओरडतो.

काही खाड्यांत तुम्ही नांगर टाकण्याआधीच छोट्या होड्यांतून स्थानिक लोक येतात, बोया दाखवतात, फळं विकतात. हा त्यांचा व्यवसाय आहे. आधी भाव ठरवा, नको असेल तर हसून ‘नको’ म्हणा. डॉमिनिकात पोर्ट्समथला या लोकांनी ‘पेज’ ही संघटना उभी करून खाडीवर रात्रीची गस्त सुरू केली, तिच्या बोयांचे पैसे आनंदाने द्यावेत. छोटी रबरी होडी आणि तिचं इंजिन रात्री पाण्यात ठेवू नका, वर उचलून कुलूप लावा. चोरी होते ती याचीच.

व्हिसा, नोंदणी आणि तुमचे हक्क

वरच्या रांगेत देश सहा, पण प्रवेशाची नोंद सात वेळा करावी लागते, कारण मार्टिनिक आणि ग्वादलूप ही फ्रान्सची बेटं डॉमिनिकाच्या दोन बाजूंना आहेत. प्रत्येक ठिकाणी पिवळा झेंडा लावायचा, तांडेलाने कागद घेऊन किनाऱ्यावर जायचं आणि नोंद झाल्याखेरीज दुसऱ्याने बोट सोडायची नाही. अनेक इंग्रजी बेटांवर ‘सेलक्लिअर’ या संकेतस्थळावर आधी माहिती भरता येते. फ्रेंच बेटांवर बोटींच्या सामानाच्या दुकानातल्या संगणकावर काम होतं. इंग्रजी बेटांवर शनिवार-रविवारी आणि कचेरीच्या वेळेनंतर जादा शुल्क लागतं. निघताना मिळालेला मंजुरीचा कागद जपून ठेवा, पुढच्या बंदरात पहिल्यांदा तोच मागतात.

भारतीय पासपोर्टवर ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट आणि डॉमिनिका इथे पर्यटनासाठी आधी व्हिसा घ्यावा लागत नाही, मुक्कामाच्या मुदती मात्र निरनिराळ्या आहेत. (डॉमिनिकन रिपब्लिक हा वेगळा देश, दोन्हींत गफलत करू नका.) सेंट लुसिया आणि अँटिग्वा यांच्या अटी वेगळ्या आहेत. मार्टिनिक आणि ग्वादलूप ही फ्रान्सचाच भाग असली तरी शेंगेन क्षेत्रात येत नाहीत, त्यामुळे साधा शेंगेन व्हिसा तिथे चालेल असं धरून निघू नका. या बेटांचा उल्लेख असलेला व्हिसा फ्रान्सच्या वकिलातीकडून मागा. नियम बदलतात आणि बरेचसे विमानाने येणाऱ्यांना समोर ठेवून लिहिलेले असतात. म्हणून विचारताना ‘खासगी बोटीने, समुद्रमार्गे’ हे शब्द घालून विचारा आणि उत्तर लेखी ठेवा. दोघांचे पासपोर्ट वेगवेगळ्या देशांचे असतील तर मुदतीही वेगळ्या मिळतील. बेत कमी मुदत असलेल्याच्या हिशेबाने आखा. बोटीवर जायला एकेरी तिकिटाने विमान पकडणार असाल तर विमान कंपनी परतीचं तिकीट मागते, तेव्हा बोटीच्या नोंदणीची प्रत आणि खलाशी-यादीत तुमचं नाव असल्याचं पत्र जवळ असू द्या.

बोट कोणत्या देशात नोंदवायची, हे तुमच्या नागरिकत्वावर आणि वास्तव्यावर ठरतं. अमेरिकेची केंद्रीय नोंदणी फक्त नागरिकांना मिळते; ग्रीनकार्डवर असाल तर राज्याची नोंदणी घ्यावी लागते. ब्रिटनची छोटी आणि स्वस्त नोंदणी तिथल्या रहिवाशांपुरती आहे. तिथल्या पूर्ण नोंदणीत मालकी ६४ हिश्शांत मोजली जाते. पद्धत कोणतीही असो, दोघांची नावं मालक म्हणून लावा. नाव एकाचंच असेल आणि तो रुग्णालयात असेल, तर दुसऱ्याला गोदीकडून बोट सोडवणं, विमा मागणं, मंजुरी घेणं हे सगळं अडतं. नाव लावणं शक्यच नसेल तर मालकाचं नोटरी केलेलं अधिकारपत्र बोटीवर ठेवा. ग्रेनाडा आणि डॉमिनिका यांच्यासाठी भारताचं उच्चायुक्तालय पोर्ट ऑफ स्पेनला आहे, तिथे नाव नोंदवून ठेवलंत तर अडचणीच्या वेळी ओळख पटवायला वेळ जात नाही.

पैसा, पाणी, पोटपूजा

दुरुस्तीसाठी बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दर वर्षी बाजूला काढा, हा बोटवाल्यांमधला जुना ठोकताळा आहे आणि जुन्या बोटीला तोही कमी पडतो. इंग्रजी बेटांवर चालणारा पूर्व कॅरिबियन डॉलर १९७६ पासून २.७० ला एक अमेरिकी डॉलर या दराला बांधलेला आहे, फ्रेंच बेटांवर युरो. किराणा मार्टिनिकला भरा. डाळ, चणे, हळद, मसाले त्रिनिदादमध्ये सहज मिळतात. गॅसच्या टाक्यांचे जोड बेटागणिक बदलतात, म्हणून घरचा प्रेशर कुकर न्या. गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं आणि झाकण बंद असल्याने हेलकाव्यात रस्सा अंगावर येत नाही. मासे खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की प्रवाळाजवळच्या मोठ्या बाराकुडासारख्या माशांत सिग्वाटेराचं विष असू शकतं आणि ते शिजवूनही जात नाही. स्थानिक कोळी जो मासा खात नाहीत तो तुम्हीही खाऊ नका.

आधी भाड्याने, मग विकत

ग्रेनाडीन्समध्ये तांडेलाशिवाय बोट भाड्याने मिळते, कंपन्या फक्त तुमच्या अनुभवाची नोंदवही तपासतात. दोन आठवड्यांसाठी घ्या. पहिल्या आठवड्यात एक जण तांडेल, दुसऱ्यात दुसरा. ज्याची पाळी नाही त्याने विचारल्याशिवाय सूचना द्यायची नाही. ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याचं, शिडाच्या शिवणीचं आणि होडीच्या इंजिनाचं छायाचित्र काढा, नाहीतर परत देताना अनामतीवरून वाद होतो. हवामान वाईट असेल तर बंदरात थांबण्याचा तुमचा हक्क आहे. कंपनीचं वेळापत्रक पाळण्यासाठी निघू नका. दुसऱ्या आठवड्याअखेर पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोघांकडून आलं नाही, तर बोट लहान करा किंवा आणखी शिका. तिसरा खलाशी सोबत घेऊन ही उणीव झाकता येईल, असं काहींना वाटतं. प्रवासापुरतं ते चालतं, पण बोटीवर कायम राहताना तिसरा माणूस कधीतरी उतरतो आणि दोघंच उरतात.

एकालाच घरी जावं लागलं तर

आई-वडील आजारी पडतात, मुलांना गरज लागते, आणि एक जण विमानाने निघतो. बोटीने आलेल्या माणसाचं नाव खलाशी-यादीत असतं. ते काढून घेतल्याखेरीज त्याने विमानतळ गाठू नये. दोघांनी मिळून इमिग्रेशन कचेरीत जा, विमानाचं तिकीट दाखवा आणि यादीतून नाव कमी केल्याची शिक्क्याची प्रत दोन ठिकाणी ठेवा. एक प्रत जाणाऱ्याजवळ, एक बोटीवर. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. मागे राहिलेल्याने बोट शक्यतो बोयावर किंवा मरीनात हलवावी आणि विमा कंपनीची लेखी परवानगी हाती येईपर्यंत दुसऱ्या बेटाकडे निघू नये. परत येणारी व्यक्ती एकेरी तिकिटावर येणार असेल तर नव्या यादीत तिचं नाव आणि बोटीचं पत्र आधी पाठवून ठेवा, म्हणजे विमानतळावर तिला अडवणार नाहीत.